बाटलीवरची चिठ्ठी

माणिकअप्पा बिरादार लिफ्टमध्ये कधी चढले नाहीत. आमची इमारत बरकतपुऱ्यात, अप्पांचं घर चौथ्या मजल्यावर आणि वय सत्तरीच्या पुढे. मी पुण्याहून नोकरीसाठी नुकताच हैदराबादला आलो होतो. पहिल्याच आठवड्यात मी लिफ्टचं दार धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "या ना काका." त्यांनी आत डोकावून पाहिलं, वर पाहिलं, मला पाहिलं. मग म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी घाबरट माणूस आहे, आधीच सांगून ठेवतो." आणि पिशवी काखेत धरून भिंतीच्या कडेने जिना चढू लागले. आपल्याकडे लोक रक्तदाब सांगतात, पोटाच्या तक्रारी सांगतात, काही तर पगारसुद्धा सांगतात. पण मी घाबरतो हे इतक्या सहज सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे शेजार वाढला तशी त्यांच्या भीतींची यादीही मला पाठ झाली. कुत्री, सरकारी लिफाफे, गच्चीचा कठडा, ओल्या हाताने लावलेलं बटण. त्यातलं सगळ्यात विचित्र म्हणजे कुकरची शिट्टी. त्यांच्या घरात कुकरला शिट्टी होऊ द्यायची नाही असा नियमच होता. सुमनकाकू शेगडीजवळ उभ्या राहून, आता वाजणार असं वाटलं की कुकर उचलून खाली ठेवत. डाळ कधी कच्ची राहायची, कधी लगदा व्हायची. काकू मला म्हणत, "चाळीस वर्षं झाली बघा. माणसाला साप भेव दाखवतो, ह्यांना वरण." अप्पा मग बाल्कनीत जाऊन तुळशीची पिवळी पानं खुडत बसत.

आणि घरभर चिठ्ठ्या. अप्पांचं मूळ गाव उदगीरकडचं, घर शेतकऱ्याचं, पण वडील जुन्या संस्थानाच्या काळीच शहरात आलेले. अप्पांनी तारनाक्याजवळच्या एका कॉलेजात पस्तीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळा सुटली, चिठ्ठ्या सुटल्या नाहीत. गीझरच्या बटणावर 'गरम', फिनाईलच्या बाटलीवर 'पिऊ नये', आणि दाराच्या आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, 'कोण आहे ते विचारा, मग उघडा'. अक्षर टपोरं, शाई निळी. माझी मुलगी इथल्या शाळेत इंग्रजी आणि तेलुगू शिकत होती, मराठी वाचताना अडखळायची. अप्पांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या झाडून साऱ्या डब्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावून दिल्या. तिची बाराखडी साखर, मीठ आणि साबुदाणा यांच्यावर पक्की झाली.

भीतीबद्दल बोलताना ते एखाद्या हत्याराबद्दल बोलावं तसे बोलत. "नवीन पोरं आली की मी पहिल्या दिवशी काय करायचो सांगू? अमोनियाच्या बाटलीचं बूच काढायचो आणि म्हणायचो, या, वास घ्या. एकदा नाकात गेला की डोळ्यांतून पाणी. मग म्हणायचो, आता शिकायला सुरुवात. जो भीत नाही त्याला मी आम्लाच्या कपाटाला हात लावू देत नव्हतो. कॉलेजात सगळ्यात धीट एक डेमॉन्स्ट्रेटर होता, त्याच्या भुवया दोनदा जळाल्या." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "भीती वाटली तर बोलून टाकायची. पोटात ठेवली की हाताला कंप येतो. हाताला कंप आला की बाटली पडते."

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. मी ते ऑफिसात सांगून लोकांना हसवलंही आहे.

आता त्या सिनेमाबद्दल. त्याचं नाव मी लिहीत नाही, हिरोचंही नाही. कारण सरळ आहे, मला अजून भीती वाटते. तेलुगूतला गुंडाचा सिनेमा, सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचा. गरीब घरातला मुलगा, अन्याय, हातात सुरा, मग अख्खं शहर मुठीत आणि शेवटी गोळ्या खाऊन मरण. मी तो लहानपणी टीव्हीवर हिंदी आवाजात पाहिला होता आणि त्यातले संवाद आरशासमोर म्हटले होते. गेल्या वर्षी तो झाडूनपुसून नव्याने थिएटरात लागणार अशी बातमी आली आणि आमच्या इमारतीत दोन तट पडले. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले म्हणत, असा सिनेमा पुन्हा झाला नाही. खालचे होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणत, त्या एका सिनेमाने गल्लोगल्ली रावडी, म्हणजे गुंड, तयार केले. अप्पांच्या घरात तर चुलीपर्यंत फूट होती. काकूंचा हिरो म्हणजे तो हिरो. त्या म्हणत, "शेवटी मरतो की नाही तो? वाईटाचं फळ दाखवलंय की सरळ." अप्पा हळूच म्हणाले, "पावणेतीन तास मजा आणि पाच मिनिटं मरण. आणि त्या पाच मिनिटांच्या आधीच पोरं गाड्या काढायला जातात."

मी तिकिटं काढली होती. काकूंना न्यायचं ठरलं होतं, पण त्यांचा गुडघा सुजला. मी अप्पांना उगाच, ते नाहीच म्हणतील अशा खात्रीने विचारलं, "येता का? सकाळी आठचा शो आहे." त्यांनी विचारलं, "दाराजवळची खुर्ची मिळंल का?" मी हो म्हटलं. "मग येतो. मला तो परत एकदा बघायचाच होता." काकूंनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या.

चिक्कडपल्लीतल्या त्या थिएटरात शिरताना मला वाटलं, अप्पा इथूनच परत फिरणार. ढोल, ताशे, हिरोच्या उंच चित्रावर दुधाच्या पिशव्या. आत पाय ठेवायला जागा नव्हती. हिरोचे नुसते बूट पडद्यावर दिसले आणि पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. फाडलेल्या कागदांचा इतका खच पडला की कपटे माझ्या शर्टात गेले. अप्पा दाराजवळच्या खुर्चीत आखडून बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. मला वाटलं, थंडी वाजतेय. एसी होताच तसा.

मध्यंतराच्या आधी तो प्रसिद्ध प्रसंग येतो. हिरो एका दुकानदाराला बाजारात ओढून आणतो, कान धरून उठाबशा काढायला लावतो आणि मान तिरकी करून आपला तो संवाद म्हणतो. सगळं थिएटर त्याच्याबरोबर तो संवाद म्हणत होतं. मीही म्हटला. मीही शिट्टी मारली, दोन बोटं तोंडात घालून, कॉलेजनंतर पहिल्यांदा. शिट्टी चांगली जमली म्हणून मी खूश होऊन अप्पांकडे वळलो. ते पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पाहून मी हात खाली घेतला, का ते मला तेव्हा कळलं नाही.

शेवटपर्यंत ते जागचे हलले नाहीत. हिरो मेला तेव्हा निम्मं थिएटर रिकामं झालं होतं, त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

बाहेर नेहमीची फौज उभी होती. इथे कुठलाही सिनेमा सुटला की थिएटरच्या फाटकात मोबाइल आणि माइक घेतलेली मुलं प्रेक्षकांना अडवून मत विचारतात आणि तासाभरात ते सगळ्या जगाला दाखवतात. त्याला म्हणतात 'पब्लिक टॉक'. मी स्कूटर काढत होतो तेवढ्यात एका माइकवाल्याने अप्पांना गाठलं. "अंकल, कैसी लगी पिक्चर?" अप्पांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग प्रयोगशाळेत पोरांना सांगत असतील त्याच सुरात बोलले, "पिक्चर अच्छी बनाए. बहुत अच्छी बनाए. तेजाब भी अच्छी चीज है बेटा, मैं पैंतीस साल संभाला. मगर बाटली पे चिठ्ठी लगाते. इस पे चिठ्ठी नहीं है. बच्चे मुंह लगाके पी रहे. मेरेकू डर लगा." एवढं बोलून ते स्कूटरवर मागे बसले आणि घर येईपर्यंत माझा शर्ट दोन्ही मुठींत धरून राहिले.

दुपारपर्यंत तो तुकडा फिरू लागला होता. पूर्ण नाही. 'अच्छी बनाए' गेलं होतं, चिठ्ठी गेली होती, पस्तीस वर्षं गेली होती. राहिलं होतं ते 'तेजाब' आणि 'मेरेकू डर लगा', मागे हसण्याचा आवाज आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा की हा म्हातारा आमच्या देवाच्या सिनेमाला तेजाब म्हणतो, बंदी घाला म्हणतो. संध्याकाळी मी खालची मतं वाचत बसलो. काही जण म्हणत होते, अंकल बरोबर बोलले. काही सभ्य भाषेत वाद घालत होते की कला वेगळी आणि समाज वेगळा. पण बाकीच्यांनी म्हाताऱ्याचे पाय कुठे मोडायचे ते ठरवलं होतं. एकाने विचारलं होतं, राहतो कुठे हा? खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं, बरकतपुरा. त्याखाली आमच्या फाटकाचा फोटो होता. आणि व्हिडिओच्या शेवटच्या क्षणाला, अप्पा मागे बसताना, माझ्या स्कूटरचा नंबर अगदी स्वच्छ दिसत होता.

मी घाबरलो. ही साधीसुधी काळजी नव्हती. मी चारदा उठून दाराची कडी पाहून आलो. दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत पाठवलं नाही, पोट दुखतंय म्हणून कळवलं. स्कूटरवर जुनी चादर टाकली. फाटकापाशी मोटरसायकल थांबली की पडद्याआडून बघायचो आणि ती पार्सलवाल्याची निघाली की हुश्श करायचो. बायको म्हणाली, "आपण त्यांना नेलं, आपणच निस्तरायला पाहिजे." मला निस्तरण्याचा एकच मार्ग दिसत होता. मी एक माफीनामा लिहिला. हिंदीत, नऊ ओळींचा, 'अगर मेरी बात से किसी के दिल को ठेस पहुंची हो' या थाटाचा. ऑफिसात असली पत्रं लिहून लिहून माझा हात बसलेला आहे.

अप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "पण ह्यात माझी चूक काय झाली ते लिहायचं राहिलं की."

"अप्पा, चूक नाहीच झाली. पण म्हणून टाकायचं. विषय संपतो."

"नीलेश, मीही भ्यायलोय. काल दोनदा उलटी झाली, काकूंना विचारा. पण माफी मागायची तर ज्याचं वाईट केलं त्याची मागायची असते. हिरोचं मी काय वाईट केलं?"

मी त्यांच्यावर चिडलो. मी म्हणालो की तुमचं काय, तुमचं वय झालंय, माझी मुलगी लहान आहे. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आहे आणि ते मी इथे लिहून ठेवतो. अप्पांना राग आला नाही. त्यांनी माफीनाम्याची व्यवस्थित घडी केली आणि खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिरोचे चाहते आले. मी त्या वेळी अप्पांकडेच होतो, त्यांना पुन्हा एकदा समजवायला गेलेलो. बेल वाजली. काकूंनी गॅस पेटता ठेवूनच माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांना म्हटलं, "उघडू नका. मी आत जाऊन पोलिसांना फोन करतो." आणि आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. फोन हातात होता. मी तो केला नाही. पोलिसांना बोलावलं की हे अजून चिडतील आणि माझं नाव नोंदलं जाईल, एवढंच डोक्यात फिरत होतं. बाहेरून अप्पांचा आवाज आला. त्यांनी स्वतःच लावलेल्या चिठ्ठीप्रमाणे आधी विचारलं, "कौन है?" मग कडी काढल्याचा आवाज.

दाराच्या फटीतून मला बैठकीचा अर्धा भाग दिसत होता. चार जण होते. पुढचा पंचविशीतला, दंडावर हिरोचा चेहरा गोंदवलेला. चाहत्यांच्या संघटनेचा आमच्या भागातला अध्यक्ष. आवाज अगदी मऊ होता, त्यानेच मला जास्त धडकी भरली. "अंकल, हम लोगां झगड़े कू नहीं आए. फैन्स कू बुरा लगा. आप एक बार कॅमेरे के सामने सॉरी बोलदो, खतम."

"बैठो," अप्पा म्हणाले. "पहले बोल देता हूं, मैं डरपोक आदमी हूं. तुम चार जने हैं, मेरे पांव कांप रहे, देखो. बैठो, पानी पिओ." ती मुलं खरोखरच त्यांच्या पायांकडे बघायला लागली. धोतराची कडा हलत होती. मग एकेक करून ती सोफ्यावर बसली आणि एकाने मोबाइल समोर धरला.

अप्पांनी खिशातून कागद काढला तेव्हा मी देवाचे आभार मानले. पण तो कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि उठून भिंतीतल्या कपाटातून एक पत्र्याची डबी आणली. तिच्यात हातात बांधायचं एक जुनं घड्याळ होतं. पट्ट्याला दोऱ्याने एक पिवळी पडलेली चिठ्ठी बांधलेली होती. पुढचं सगळं ते दखनीत, म्हणजे इथल्या हिंदीत, बोलले, मी मला आठवतं तसं मराठीत लिहितो आहे.

ते म्हणाले, हा सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा मी तिशीत होतो. चिक्कडपल्लीत खोली घेऊन राहायचो. तीनदा पाहिला. तुमच्यासारखाच खुर्चीवर उभा राहून पाहिला. माझी शिट्टी आख्ख्या थिएटरात वेगळी ओळखू यायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी यादगिरी नावाचा घड्याळं दुरुस्त करणारा होता. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसायचा. माझं हे घड्याळ त्याच्याकडे टाकलेलं होतं. त्या गल्लीत एक रावडी होता, त्यानेही हा सिनेमा तीनदा पाहिला असावा, केसही तसेच ठेवले होते. एका संध्याकाळी त्याचं आणि यादगिरीचं कशावरून तरी वाजलं. त्याने यादगिरीला दुकानातून ओढून रस्त्यावर आणलं आणि कान धरून उठाबशा काढायला लावल्या. यादगिरीची मुलगी शाळेतून तिथे आलेली होती, दप्तर पाठीला, बापाचा डबा न्यायला. ती बघत होती. सगळा बाजार बघत होता. आणि मग त्या रावडीने मान तिरकी करून तो संवाद म्हटला, जसाच्या तसा.

मोबाइलवाल्या मुलाने मोबाइल जरा जवळ नेला.

"और फिर एक सीटी बजी," अप्पा म्हणाले. "वो सीटी मेरी थी."

अप्पा म्हणाले, उंगलियां मुंह में कब गईं, मेरेकू मालूम भी नहीं हुआ. मी काही त्या रावडीच्या बाजूचा नव्हतो. मला यादगिरी आवडायचा. पण तो संवाद कानावर आला आणि हाताने सवयीचं काम केलं. माझ्या शिट्टीवर अजून दोघं-तिघं हसले. यादगिरीने वर पाहिलं. एवढ्या बाजारात त्याने मलाच पाहिलं, ओळखीचा चेहरा होता म्हणून. पाच दिवसांनी त्याची मुलगी माझ्या खोलीवर आली. हे घड्याळ दिलं आणि पळाली. चालू केलेलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बिरादार साब, काम हो गया.' त्या आठवड्यात त्याचं दुकान बंद झालं. तो कुठे गेला ते मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं आणि कळलं असतं, तर त्याच्या घरी जावं लागलं असतं. मला त्याची भीती वाटली.

मग अप्पांनी मोबाइलकडे तोंड केलं आणि हात जोडले. "सॉरी बोलो बोले ना तुम लोगां. बोलता हूं. यादगिरी, मेरेकू माफ करो."

अध्यक्षाने मित्राचा हात धरून मोबाइल खाली करायला लावला. "ये नहीं अंकल," तो म्हणाला, पण आवाजात मघाची ती मऊ धार नव्हती. "हिरो कू सॉरी बोलना था."

"जिसका बिगाड़ा, उसीकू बोला ना बेटा."

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. काकू भिंतीला टेकून ऐकत उभ्या होत्या, कुकरचं भानच त्यांना राहिलं नव्हतं. शिट्टी लांबलचक वाजली. अप्पा जागच्या जागी एवढे दचकले की घड्याळ खाली पडलं, आणि त्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली गेले. ती चारही मुलं त्या दाबलेल्या हातांकडे बघत राहिली. मीही फटीतून बघत होतो. थिएटरात त्यांना थंडी वाजत नव्हती हे तेव्हा मला समजलं.

अध्यक्षाने वाकून घड्याळ उचललं, कानाला लावलं, टेबलावर ठेवलं. "चलो रे," म्हणाला. दारातून बाहेर पडताना चौघांपैकी एकाने विचारलं, "अंकल, वो छोकरी का क्या हुआ?" अप्पांनी मान हलवली. माहीत नाही. ती मुलं जिन्याने उतरत गेली तरी त्यांच्या पावलांचा आवाज जाईपर्यंत मी कपाटापासून हललो नाही.

मी बाहेर आलो तेव्हा अप्पा तसेच बसले होते. "लागला का फोन पोलिसांना?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी केलाच नाही."

"भ्यालात?"

"हो."

"मग तसं सांगायचं की," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टाही होती आणि दमलेपणाही होता. "तुम्हालाही एक चिठ्ठी लावली असती. मी आपला समजून चाललो होतो, आत कुणीतरी आहे."

हे ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मला लागावं म्हणून बोलले नव्हते, पण लागलं, आणि अजून लागतं.

तो व्हिडिओ त्या मुलांनी कुठे टाकल्याचं माझ्या पाहण्यात आलं नाही. आधीचा तुकडा मात्र तसाच राहिला. त्याखाली लोक भांडत राहिले, मग महिन्याभराने दुसऱ्या कुणाचा तरी जुना सिनेमा लागला आणि भांडण तिकडे गेलं. मी मात्र बरेच दिवस मोटरसायकलचा आवाज आला की पडदा सरकवायचो. काकूंनी त्या दुपारी नवऱ्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी कुकर उचलतेय. एकदा सांगितलं असतं तर काय झालं असतं?" मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आणि खरं सांगू का? मला तो सिनेमा अजूनही आवडतो. मी तरी काय करू."

डिसेंबरात अप्पांना छातीत कफ झाला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे प्रत्येक नर्सला त्यांचं सांगून झालं होतं की मैं डरपोक आदमी हूं, सुई पहले दिखाओ. शेवटच्या दिवशी मी जवळ बसलो होतो. म्हटलं, "अप्पा, भीती वाटतेय का?" मास्क जरा बाजूला करून ते म्हणाले, "लई वाटायलीय. पण सांगायलोय ना." तासा-दोन तासांनी काकू आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि मी बाहेर आलो. त्या रात्रीच ते गेले. घड्याळाची डबी काकूंनी कपाटात होती तिथेच ठेवली आहे आणि दारावरची चिठ्ठीही काढलेली नाही. कुकर मात्र त्यांच्याकडे आता मनमोकळा वाजतो. आमच्या घरापर्यंत ऐकू येतो तेव्हा मी हातातलं काम थांबवतो.

दोन महिन्यांपूर्वी तोच सिनेमा पुन्हा लागला, हिरोच्या वाढदिवसाला. मी एकटा गेलो, दाराजवळची खुर्ची मागून घेतली. तो प्रसंग आला. संवाद मला अजून पाठ आहे, तो ओठांवर आला. मी हात मांड्यांखाली दाबले. आजूबाजूला शिट्ट्या सुरू झाल्या आणि मी पहिल्यांदाच त्या उठाबशा काढणाऱ्या नटाकडे नीट पाहिलं. बिचाऱ्याला पडद्यावर वीसेक सेकंदंच मिळाली आहेत. तो वर बघतो, सरळ कॅमेऱ्यात. म्हणजे माझ्याकडे.

बाहेर फाटकात माइक तोंडासमोर आला. "सर, पब्लिक टॉक. कैसी लगी?" भोवती दंडावर गोंदवलेली पोरं होती, दुधाने रस्ता निसरडा झाला होता. मला घर आठवलं, मुलगी आठवली, स्कूटरचा नंबर आठवला. हसून बाजूला होता आलं असतं.

"पहले बोल देता हूं, मैं डरपोक आदमी हूं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. "पिक्चर अच्छी है. मैं खुद सीटी मारा था इस पे. मेरेकू डर लगा."

"सर, ये हॉरर पिक्चर नहीं है," तो मुलगा हसून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. माझे पाय कापत होते. मी भिंतीच्या कडेने चालत स्कूटरपर्यंत गेलो.